निंदण

आईचा हात रिकामा राहत नाही. देवळात प्रदक्षिणा घालताना, फाटकापाशी शेजारणीशी बोलताना, दवाखान्याच्या पायरीवर नंबराची वाट बघतानासुद्धा ती मध्येच वाकते. फरशीच्या फटीतून काही उगवलेलं दिसलं की ते दोन बोटांनी बुडाशी धरते आणि हळूच हलवून मुळासकट ओढून काढते. तुटू देत नाही. "वरून तोडलं का दुप्पट फुटते," म्हणते. ती आता ८१ वर्षांची आहे. उमरेडकडच्या आमच्या गावात नवव्या-दहाव्या वर्षापासून ती बायांच्या ओळीत बसून कपाशी निंदायला जायची. गाव सुटून किती काळ लोटला, पण बोटांनी ते काम सोडलेलं नाही.

२०२४च्या पावसाळ्यात ती माझ्याकडे नागपुरात मानेवाड्याला राहायला आली. दुसऱ्याच दिवशी, मी आंघोळ करून बाहेर येईपर्यंत, तिनं मागचं अख्खं आंगण निंदून ठेवलं होतं. घोळ, केना, पाथरी, हरळी, सगळं उपटून भिंतीच्या कडेला ढीग. चेहरा समाधानानं भरलेला. "पाह्य, कसं चोख झालं आंगन."

मी त्या ढिगासमोर उभी राहिले आणि मला रडूच आलं. ते तण नव्हतं. ते माझं आठ महिन्यांचं पीक होतं.

पीक कुणासाठी, ते आधी सांगायला हवं. धोंडू म्हणजे आमचं कासव. जातीनं सुल्काटा. सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेनं सेनेगलपासून सुदान-इथिओपियापर्यंत कोरड्या गवताळ मुलखाचा जो पट्टा आहे, तिथलं. गालापागोस आणि अल्डाब्रा बेटांवरची महाकाय कासवं सोडली तर जमिनीवर राहणाऱ्या कासवांत याच्याएवढं मोठं दुसरं नाही. माझ्या भाच्यानं कॉलेजात असताना ते आणलं तेव्हा तळहातावर मावायचं. २०२० साली केंद्र सरकारनं परदेशी प्राणी पाळणाऱ्यांना स्वतःहून नोंद करायला सांगितलं, तेव्हा त्यानं 'परिवेश' पोर्टलवर नोंद केली. पुढं त्याला बाहेरदेशी नोकरी लागली. मी त्याच सुमारास शाळेतून निवृत्त झाले होते. नोंद रीतसर बदलून घेतली आणि २०२३च्या अधिक महिन्यात, म्हणजे धोंड्याच्या महिन्यात, तो आमच्या घरी आला. लोक त्या महिन्यात जावयाला बोलावतात, आमच्याकडे हा आला. नावाचा विचार करावाच लागला नाही. रद्दीवाल्याच्या काट्यावर वजन भरलं चार किलो दोनशे.

आई तेव्हा फोनवर म्हणाली होती, "कासवाले काय लागते? कासवी पोराले नजरेनंच पोसते." हे आपल्याकडे सगळ्यांच्या कानावरून गेलेलं असतं. संतांनी देवाच्या मायेला कूर्मदृष्टी म्हटलं, कासवीसारखी लांबून, नुसत्या पाहण्यानं पोसणारी. शंकराच्या देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं, आपण त्याला हात लावून पुढं जातो. लहानपणापासून मला ते फार आवडायचं. पण खरी कासवी पिलांकडे वळूनही बघत नाही. ती खड्डा करते, अंडी घालते, माती लोटून बुजवते आणि चालू लागते. पिलू वर येतं तेव्हा त्याला कुणी भरवणारं नसतं. जमिनीलगत जे उगवलेलं असेल त्यावर त्याला वाढायचं असतं. धोंडूला नागपुरात तेही नव्हतं. त्याच्यापुढं मी होते आणि माझा फ्रिज होता.

पहिले दोन महिने मी त्याला जे खाऊ घातलं ते आठवलं की आजही पोटात कालवतं. काकडी सोलून, टमाटर चिरून, केळाचे काप, पालकाची निवडलेली पानं. घरात लहान मूल आलं की करतो तसं सगळं. त्याला लाल रंग दिसला की तो पाय टेकत, कवच उचलून धावत यायचा. कासव धावतं हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तो मान पुढं काढून टमाटराला कचकन चावा घ्यायचा, रस हनुवटीवरून गळायचा, आणि मला वाटायचं, किती आवडतंय याला. सप्टेंबरात त्याला पातळ शी व्हायला लागली, तिला आंबूस वास. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी त्याला उलटं न करता वर उचललं, पोटाखालची ढाल अंगठ्यानं ठिकठिकाणी दाबून पाहिली, पाठ बराच वेळ निरखली आणि विचारलं, "रोज काय देता?" मी यादी सांगितली. ते काही वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "याचं पोट घोड्यासारखं आहे, असं समजा."

त्यांनी समजावलं ते असं. या कासवाचं अन्न मागच्या मोठ्या आतड्यात आंबतं. तिथं जिवाणू असतात, तेच गवताचे धागे फोडतात आणि त्यातूनच त्याला ताकद मिळते. त्या जिवाणूंना चोथा हवा. फळातली साखर तिथं पोचली की भलतेच जिवाणू माजतात आणि पोट बिघडतं. म्हणून याच्या ताटात ऐंशी टक्क्यांच्या वर गवत असावं, बाकी रानपाला, फुलं. पालकाचं दुखणं वेगळं. पालकात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर, ते कॅल्शियमला धरून ठेवतं, अंगाला लागू देत नाही. आणि कासवाला कॅल्शियम किती लागतं ते त्याच्याकडे पाहूनच कळावं, त्यानं अंगावर हाडाचं घर बांधलेलं असतं. खाण्यात फॉस्फरसच्या निदान दुप्पट कॅल्शियम हवं. ते नसेल तर शरीर हाडांतून काढून घेतं आणि कवच मऊ पडतं.

धोंडूच्या पाठीवरच्या खवल्यांना टेकड्यांसारखे उंचवटे आहेत. मला वाटलं तेही माझ्या पापांपैकीच. पण ते आधीचे होते, कोरड्या खोलीत, दिव्याच्या उष्णतेखाली गेलेल्या लहानपणाचे. पूर्वी सगळे म्हणायचे की जास्त प्रथिनांमुळे असं होतं. २००३ साली व्हिएन्नातल्या दोन संशोधकांनी याच जातीची पिलं वेगवेगळ्या ओलाव्यात आणि वेगवेगळ्या प्रथिनांवर वाढवून पाहिली, तेव्हा दिसलं की प्रथिनांपेक्षा हवेचा कोरडेपणाच जास्त नडतो. झालेले उंचवटे जात नाहीत. पुढची वाढ तेवढी सपाट आणता येते. तेव्हापासून मी दर रविवारी सकाळी उन्हाच्या तिरपेत त्याची पाठ बघते. दोन खवल्यांच्या मधोमध एक पांढुरकी रेघ असते, दोऱ्याएवढी, बोटाला किंचित मऊ लागते. ती नवी वाढ. ती रेघ जितकी सपाट, तितकं माझं त्या महिन्याचं काम बरं झालेलं.

टमाटर बंद केलं. मग तीन दिवस तो काही खाईना. हट्ट करणाऱ्या मुलासारखा वाटीपाशी येऊन थांबायचा आणि माझ्याकडे मान वर करून बघायचा. त्या तीन दिवसांत माझा धीर किती वेळा सुटला ते माझं मला माहीत. चौथ्या दिवशी शेजारच्या रिकाम्या प्लॉटवरची हरळी कापून आणली आणि ओली करून टाकली. त्यानं एक पातं चावलं, थांबला, दुसरं चावलं. मग गवत फाटण्याचा तो आवाज, कापड टरकावल्यासारखा बारीक, सतत. मी तिथंच पायरीवर बसून तो ऐकत राहिले.

पुढचा महिना सुखाचा गेला. रोज सकाळी टोपली आणि इळा घेऊन त्या प्लॉटवर जायचं. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात अशीच टोपली भरून आणली, त्याला घातली. दुपारी गच्चीवर कपडे काढायला गेले तर प्लॉटवर एक माणूस पाठीवर पंप घेऊन फिरताना दिसला. धावत खाली गेले. "काय मारता दादा?"

"गवताची दवाई, काकू. मालकानं सांगितलं साफ करा म्हणून. ती बाजू कालच मारून झाली."

ती बाजू म्हणजे जिथून मी सकाळी कापलं होतं ती. फवारलेलं गवत पहिल्या दिवशी हिरवंच दिसतं. उरलेलं गवत उचललं, त्याला कोमट पाण्याच्या घमेल्यात बसवलं, डॉक्टरांना फोन केला. करण्यासारखं फारसं काही नव्हतं, पाणी द्यायचं आणि वाट बघायची. चार रात्री मी उठून उठून टॉर्च लावून तो श्वास घेतो का ते बघत होते. कासवाचा श्वास सहज दिसत नाही, पुढच्या पायांच्या आतली कातडी हलते तेवढीच. त्याला काही झालं नाही. पाचव्या दिवशी ती बाजू पिवळी पडली, आठव्या दिवशी अख्खा प्लॉट जळाल्यासारखा झाला. त्या माणसाचा काही दोष नव्हता. दुसऱ्याच्या जमिनीवर उगवलेलं मी आणत होते, आणि त्या जमिनीवर काय पडतं हे मला विचारण्याचा हक्क नव्हता. याच्या तोंडात जाईल ते माझ्या डोळ्यांदेखत उगवलेलं असेल, हे तेव्हाच ठरलं.

आमचं मागचं आंगण तीस फूट लांब आणि चौदा फूट रुंद. त्यात पहिलं काम लावण्याचं नव्हतं, काढण्याचं होतं. कोपऱ्यात बिट्टी होती, पिवळी कण्हेर. सासऱ्यांनी लावलेली. दर सोमवारी तिची फुलं ते शंकराला वाहायचे, माझी मुलं तिच्या बिया जमवून खेळायची. कण्हेर पांढरी असो, लाल असो की ही पिवळी, तिचं पानही हृदयावर घाला घालतं. माणसाच्या, गुरांच्या, सगळ्यांच्या. आम्ही सगळे इतकी वर्षं तिच्याखाली वावरलो कारण आम्ही खाली पडलेलं पान उचलून खात नाही. धोंडू खातो. कुंपण घालून बघितलं, पण वाऱ्यानं पानं उडून येतच. महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी काढली आणि जानेवारीत ती कापून घेतली. यांनी त्या दिवशी जेवताना एक शब्द काढला नाही. त्यांच्या वडिलांचं झाड होतं. संध्याकाळी ते स्वतः फावडं घेऊन गेले आणि बुंध्याभोवती पडलेली एकेक बी वेचून काढली.

तिच्या जागी तुती लावली. पेन्सिलीएवढी जाड काडी, एकीच्या शेतातून आणलेली, मातीत खोचली एवढंच. तुती इतकी उदार आहे की दोन वर्षांत ती माझ्या डोक्याच्या वर गेली. छाटली की आणखी फुटते, आणि पानात कॅल्शियम चांगलं. जास्वंदीचं मात्र मन दुखवणारं झालं. एका नर्सरीतून आठ कुंड्या आणल्या, फुलांनी लदलेल्या. पैसे देताना सहज विचारलं, कीड लागत नाही का? तिथला मुलगा प्रामाणिक होता. म्हणाला, आठवड्याला फवारतो, मुळातूनही देतो, नाहीतर पांढरी कीड खाऊन टाकते. मुळातून दिलेलं औषध रसात फिरतं, पानं कितीही धुतली तरी जात नाही. त्या आठ कुंड्या मी सहा महिने दूर ठेवल्या, जुनी माती झाडून नव्या मातीत भरल्या, आलेली पानं-फुलं खुडून टाकत राहिले. दरम्यान गल्लीच्या टोकाच्या काकूंकडून साध्या लाल, एकेरी गावठी जास्वंदीच्या फांद्या मागून आणल्या. पांढरी कीड तिच्यावरही येते. जुन्या टूथब्रशानं आणि पाण्याच्या धारेनं ती निघते, फक्त रोज काढावी लागते.

आता तणाकडे येते, कारण मला खरं शिकायला मिळालं ते तिथंच. बाहेरच्या देशांतली माणसं या कासवांसाठी डँडेलियन सांगतात. आपल्याकडे तो कुठला? मी फोटो घेऊन हिंडले. पिवळं फूल, जमिनीला चिकटून पसरलेली कातरलेली पानं, तोडलं की पांढरा चीक. त्याच घराण्यातली आपली पाथरी निघाली. लहानपणी मी तिची भाजी खाल्लेली होती आणि पूर्ण विसरले होते. मग घोळ, केना, माठ, लाल भोपळ्याचा म्हणजे आमच्या कोहळ्याचा वेल. यादी झाली, बिया मिळवल्या, वाफे केले, खत घातलं, पेरलं. आणि काही उगवलं नाही. घोळीची बी मोहरीपेक्षा कितीतरी बारीक, काळी, चमकदार. मी ती नेटानं अर्धा इंच मातीखाली पुरली होती. तिला उगवायला उजेड लागतो. ती वाफ्यात आली नाही, वाफ्याकडे जाताना ओंजळीतून सांडली होती तिथं, सिमेंटच्या चिरेत आली. मग वाफे मोडले. माती नुसती ओली करायची, वरून बी भुरभुरायची, हातानं थोपटायची. खत नाही. काळी माती आहे आपली, तिला तणासाठी खत लागत नाही.

जुलैपर्यंत आंगण भरलं. आणि मग आई आली.

मी रडते म्हटल्यावर ती घाबरली. सगळं सांगितलं तिला. ती पायरीवर बसली, ढीग पुढ्यात ओढला आणि गहू निवडावेत तसं निवडायला लागली. ज्यांची मुळं शाबूत होती ती एका बाजूला, पुन्हा लावायला. तिनं तुटू न देता काढलेलं असल्यामुळे बहुतेक शाबूत होती. निवडता निवडता तिचा हात थांबला.

"हे कायले लावलं वं?"

"पाथरी आहे ना."

"पाथरी नोहे. दुधी हाये ही. त्याले देत होती का तू?"

मी चिकावरून ओळखत होते. पांढरा चीक आला की पाथरी. ही दुधी म्हणजे भाजीचा दुधी भोपळा नव्हे, त्याच नावाचं तण. चीक दोघींनाही. पाथरीचं पान गुळगुळीत, बुडातून चक्राकार निघालेलं. दुधीच्या लालसर देठाला लव, पानं समोरासमोर जोडीनं, पेराशी बारीक फुलांचे गुच्छ. एकदा दाखवल्यावर दोघींत काहीच सारखं उरत नाही, पण दाखवणारं कुणी असावं लागतं. दुधीचा चीक कातडीला झोंबतो, आतड्याला काय करत असेल! दोन-तीनदा मी ती घातलीही होती, त्यानं हुंगून सोडली होती. लोक म्हणतात, मुक्या जनावराला आपलं आपल्याला कळतं. मला ते पटत नाही. याचे पूर्वज ज्या गवतात वाढले ते इथं नाही, आणि इथलं विष त्यांनी कधी चाखलेलं नाही. कळायचं काम आपलं आहे.

त्या दिवसापासून आई शिकवते आणि मी शिकते. कोवळं गाजरगवतही जमिनीला चिकटून पसरतं आणि घाईत पाथरीसारखं दिसतं, पण त्याच्या पानावर करडी लव असते. ते दिसलं की आई फार चिडते. "हे आमच्या लहानपनी नोहोतं," म्हणते, आणि तिचं खरं आहे. परदेशी गव्हाबरोबर आलेलं हे गवत १९५०च्या दशकात पुण्यात नजरेत आलं आणि मग देशभर पसरलं. ती निंदायला जात होती तेव्हा तिच्या शेतापर्यंत ते पोचलेलं नव्हतं. रायमुनिया, बेशरम, धोतरा, रुई, यांचं एक रोपही आंगणात ठेवायचं नाही. म्हणजे निंदण सुटलेलं नाहीच. कपाशी सोडून सगळं काढायचं, असं आई आयुष्यभर करत आली. आता ती माझ्या आंगणात बसते आणि प्रत्येक रोपापाशी थांबून ठरवते.

वर्षाचे दिवस असे बसत गेले. गणपतीत गल्लीतल्या सगळ्या घरांना दूर्वा आमच्याकडून जातात. धोंडूचं मुख्य अन्न हरळी आणि त्याचं सगळ्यात लाडकं फूल लाल जास्वंद, म्हणजे जे गणपतीला तेच याला. आई सकाळी पहिल्या एकवीस जुड्या बाजूला काढते आणि मगच त्याच्यापुढं टोपली ठेवते. देवळातल्या निर्माल्याच्या दूर्वा मात्र मी कधी आणत नाही, त्या कुठल्या शेतातल्या, कशा फवारलेल्या, माहीत नसतं. नोव्हेंबरात अंबिया बहाराची संत्री येतात आणि प्रत्येक पाहुणा एक फोड घेऊन आंगणात जातो. नागपुरात राहून कुणाला संत्रं देऊ नका म्हणणं जड जातं, तरी म्हणते. हिवाळ्यात रात्री पारा आठ-दहावर उतरतो. हा शीतनिद्रा घेणारा प्राणी नाही, त्याच्या खोक्यात उबेचा दिवा लावावा लागतो. तेव्हा हरळी थांबते, म्हणून ट्रेमध्ये गहू टाकून त्याचं गवत उगवते.

उन्हाळ्याचं काय सांगू! नागपूरचा मे, पंचवीस तारखेच्या सुमाराला सुरू होणारा नऊ दिवसांचा नवतपा, भिंतीला हात लावला तर चटका. काळ्या मातीला बोट जाईल अशा भेगा. गेल्या मेमध्ये धोंडूनं तुतीखाली खणायला घेतलं. पुढच्या पायांनी माती मागं लोटायची, वळायचं, छातीच्या ढालीनं ती बाहेर ढकलायची. तासन् तास. त्याच्या मूळ मुलखात ही कासवं अशीच बिळं करून उन्हातून वाचतात. त्यानं जागा निवडली ती मी रोज पाणी घालते ती, सावलीची, ओली. तुतीची मुळं उघडी पडली. मी मुळांवर ओलं पोतं टाकलं आणि त्याला खणू दिलं. दुपारी बाहेर ४५ अंश असताना त्या बिळात हात घातला तर आतली हवा ओली आणि गार होती, माठाच्या पोटासारखी. तुतीची निम्मी पानं गळली. मृगाच्या पहिल्या पावसानंतर ती पुन्हा फुटली.

बरेच जण त्याला बघायला येतात आणि जाताना विचारतात, असं कासव कुठं मिळेल? मी त्यांना बसवते, चहा देते आणि सगळं सांगते. आपल्याकडचं पाठीवर चांदण्या असलेलं तारा कासव घरात ठेवणं गुन्हा आहे, पिंजऱ्यात ठेवून विकणाऱ्यांनी त्या बिचाऱ्याचे हाल केलेले आहेत. आणि हे परदेशी? हे आता साडेनऊ किलोंचं आहे. याचं वजन चाळीस-पन्नास किलोंवर जाईल. हे सत्तर वर्षं आणि त्याहून जास्त जगतं. तुमच्या मुलांच्याही पुढं याला रोज गवत लागेल, कोण कापेल? बहुतेक जण चहा संपवून जातात. मला बरं वाटतं.

तोच प्रश्न मलाही आहे. माझं वय ६१. भाऊ गावची दोन एकर बघतो, त्याच्या बांधालगत मोठ्या धोंडूसाठी जागा ठरवून ठेवली आहे. तिथं यंदा बिनकाट्याच्या निवडुंगाची वीस पानं लावली. तोडल्यावर आठ दिवस सावलीत वाळू द्यायची, चीर सुकली की उभी खोचायची. त्यावरही डोळ्यांना न दिसणारी बारीक कुसळं असतात, द्यायच्या आधी गॅसवर फिरवून जाळावी लागतात. भाच्याची मुलगी सहा वर्षांची आहे, व्हिडिओ कॉलवर रोज विचारते, धोंडूनं आज काय खाल्लं? मी कॅमेऱ्यासमोर एकेक पान धरते आणि नाव सांगते. तिला घोळ आणि केना येतात. पाथरी अजून येत नाही.

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. एकाचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याला डॉक्टर नको म्हणतात. तरी निंदताना ती चुकत नाही, कारण ती बघतच नाही, बोटांनी चाचपते. बिया तिनं जुन्या पातळाच्या चिंध्यांत बांधून ठेवल्या आहेत, घोळीला एक गाठ, पाथरीला दोन, केन्याला तीन. परवा पाऊस पडून गेल्यावर ती आंगणात गेली, मूठभर काहीतरी उपटून आणलं आणि माझ्या शेजारी पायरीवर बसली.

"डोये मीट."

मी मिटले. तिनं एक पान माझ्या हातावर ठेवलं. गुळगुळीत, कडेला बारीक दाते.

"पाथरी."

दुसरं. पान थोडं जाडसर, खाली आवरण देठाला गुंडाळलेलं.

"केना."

तिसऱ्याचं पान मऊ होतं, मला वाटलं पाथरीच. मी नाव घेणार तेवढ्यात देठाला बोट लागलं आणि लव जाणवली. मागं सरकवलं तर समोरासमोर दुसरं पान.

"दुधी."

"हं," आई म्हणाली. जाळीपाशी धोंडूचं कवच लोखंडाला घासत होतं, त्याला टोपलीचा वास आला होता. मी उठायला लागले तशी तिनं माझा हात धरून खाली बसवलं.

"थांब. अजून एक डाव."